काळ्या गोटाचे मासे

मंगळवार, १४ मार्च. सकाळी वन्सं मागच्या खोलीत घसरल्या. उजवे मनगट मोडले. कोपरापर्यंत प्लास्टर. जड काही उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. बादली जड धरायची का, असे वन्संनी विचारले. डॉक्टर हसले, वन्सं हसल्या नाहीत. मुलाला फोन केला, उद्या येतो म्हणाला. दुपारी लाईट गेले म्हणून माशांच्या टाक्यांचे हवेचे पंप बंद पडले. ते परत येईपर्यंत मी मग्याने पाणी उचलून वरून ओतत बसले, नाहीतर मासे गुदमरतात.

त्या दिवसाचं पान एवढंच आहे. पुढे जे घडलं ते मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या नात्यागोत्यात वन्संची हकीकत जो तो आपल्या सोयीने सांगतो. कुणी म्हणतं म्हातारी हेकट आहे, कुणी म्हणतं माशांच्या नादाने डोकं फिरलं. मी त्यांच्याबरोबर एकाच घरात जन्म काढला आहे. मला विचारायला कुणी आलेलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. यजमान गेले, मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात आम्ही दोघी राहिलो. वन्संचं लग्न झालं नाही, असं लोक म्हणतात. कुणी तोंडावर म्हटलं तर त्या लगेच दुरुस्त करतात, "झालं नाही काय? मी केलं नाही."

नोकरी त्यांनी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात केली. त्या कापड कापायच्या. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि पात्याचं यंत्र त्या रेघेवरून फिरवायचं. हात इंचभर हलला तर एक नव्हे, सगळेच स्कर्ट वाया. गडद निळा, खाकी आणि राखाडी, याखेरीज चौथा रंग त्या टेबलावर क्वचितच आला. एकदा वरून हुकूम निघाला की मुलींच्या स्कर्टचा घेर कमी करा, कापड वाचतं. वन्संनी घेर कमी केला आणि शिवणीतला दाब, म्हणजे आत दुमडून ठेवलेलं कापड, वाढवला. कापड काही वाचलं नाही. मुकादमाच्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. त्याने सगळ्यांसमोर जाब विचारला तेव्हा त्या म्हणाल्या की पोरी वर्षभरात वाढतात, उसवून मोठा करायला आत काही नको का? त्यांची रवानगी पिशव्या कापायच्या विभागात झाली. माफी मागितली असती तर परत टेबलावर घेतलं असतं. त्यांनी मागितली नाही आणि पुढचं वर्ष जाड कॅनव्हास कापून हाताला घट्टे पाडून घेतले.

मासे घरात आले तेही कारखान्यातूनच. तिथे अंगणात पाण्याचा उघडा हौद होता आणि डासांची अंडी-अळ्या खायला त्यात गप्पी मासे सोडलेले होते. हौद धुवायला काढला तेव्हा ते गटारात जाणार होते. वन्संनी जेवणाचा डबा विसळला आणि पाच-सहा मासे त्यात घालून आणले. मी डबा उघडला, भाजी उरली असेल म्हणून, आणि किंचाळले. यजमान म्हणाले, एवढेसे मासे, तळले तर कढईला वाससुद्धा लागायचा नाही. वन्सं त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

गप्पी अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लंच देतात. नर लहान, शेपटीला रंग. मादी त्याच्या दुप्पट, राखाडी, दिसायला अगदी साधी. त्या डब्यातल्या एका फिकट नराच्या शेपटीला कडेने बारीक काळी रेघ होती. आपण कापडाच्या काठाला दुसऱ्या रंगाची बारीक पट्टी शिवतो, गोट म्हणतो, तशी. वन्संनी दुकानातून पिवळ्या जातीच्या माद्या आणल्या आणि त्या नराशी जोडी लावली. पहिल्या पिल्लांत गोट कुणालाच नव्हता. दुसऱ्या पिढीत एकाला आला, तोही तुटक. मग त्याचीच पिल्लं, त्यांची पिल्लं, करत करत कित्येक वर्षांनी मागच्या खोलीतल्या टाक्यांमध्ये लिंबासारख्या पिवळ्या शेपटीचे, काळ्या अखंड गोटाचे मासे पोहू लागले. शेपटी पंख्यासारखी उघडली की गोट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. असा मासा दुसरीकडे नव्हता. वन्सं त्यांच्याकडे बघत कापडासारखंच बोलायच्या. याचा घेर चांगला आहे, त्याचा काठ फाटका निघाला, हा अंगाला घट्ट बसलाय.

एकदा माशांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे त्यांनी एक जोडी मांडली. परीक्षकांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की शेपटीचा रंग एकसारखा हवा, कडेची रेघ हा दोष धरतात, पुढच्या वेळी ती काढून टाका. वन्संनी विचारलं, कुणी ठरवलं? नियम आहे, असं उत्तर मिळालं. त्या अर्धी भरलेली टाकी मांडीवर घेऊन बसने घरी आल्या, साडी गुडघ्यापर्यंत ओली. "दोष म्हणे," एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून गोट आणखी ठसठशीत व्हावा म्हणून जोड्या लावू लागल्या.

हा छंद असलेली माणसं एक गोष्ट फार सांभाळतात. जास्तीचे नर कुणालाही देतात, मादी देत नाहीत. मादी बाहेर गेली की तोच मासा वर्षभरात गावभर होतो. आमच्या कोपऱ्यावरचा मत्स्यालयाचा दुकानदार, ज्याला आम्ही घरात बुडबुडे म्हणतो, तो वन्संकडून नर न्यायचा आणि दरवेळी एक मादी मागायचा. दरवेळी त्याला चहा मिळायचा, मादी नाही.

तर असं सगळं चाललेलं असताना वन्सं पडल्या.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. तो वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवते. आई आणि आत्या दोघी सत्तरीच्या पुढच्या, घराला लिफ्ट नाही, आणि आमचा फोन गेला की तो आधी "काय झालं?" हेच विचारतो. त्याने मागची खोली पाहिली. लोखंडी मांडणीवर टाक्याच टाक्या, वायरी लोंबकळलेल्या, फरशी ओलसर. त्याने ठरवून टाकलं की हे सगळं जायला हवं. नाहीतर दोघींनी त्याच्याकडे राहायला यायचं. त्याच्या घरी एका बाटलीलाही जागा नाही, म्हणजे कसंही केलं तरी मासे जाणारच होते.

"मी पाण्यावरून घसरले," वन्सं म्हणाल्या. "माशांनी ढकललं नाही मला."

"आत्या, हात धड होईपर्यंत पाणी कोण बदलणार? आई?"

माझ्या गुडघ्यांची दशा सगळ्यांना माहीत आहे. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाल्या. त्यांना गप्प करणारी तेवढीच एक गोष्ट होती आणि त्याला ती नेमकी सापडली. जेवताना त्या डाव्या हाताने खात होत्या, निम्मं सांडत होतं, मी मदत करायला गेले तर हात झटकला.

सकाळी त्या म्हणाल्या, घेऊन जाऊ दे. पण माझ्यादेखत.

बुडबुडे टेम्पो घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशव्या, हवेचं नळकांडं, मोठी जाळी. इतकी वर्षं मागूनही मादी न देणारं घर आज आपण होऊन उघडलं म्हणून त्याचा चेहरा नवऱ्यामुलासारखा फुलला होता. वन्सं खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. एकेक टाकी रिकामी होत गेली. पिवळ्या शेपट्या पिशवीत गोळा होताना मला बघवेना, मी भांडी घासायला गेले. तिथूनच वन्संचा आवाज ऐकला आणि हात तसाच थांबला, कारण तसा आवाज त्यांनी आयुष्यात कधी काढला नव्हता. रडवेला, मऊ, एखाद्या गरीब बिचाऱ्या म्हातारीचा.

त्या म्हणत होत्या, एवढी कोपऱ्यातली टाकी राहू दे रे. ना रंग ना रूप त्यांना. त्यांना कोण बघतंय? मी म्हातारी, त्याही साध्या, पडून राहू एकमेकींच्या सोबतीने.

मी हात पुसत बाहेर आले. कोपऱ्यातल्या टाकीत मोठ्या राखाडी माद्या होत्या. मुलाचा चेहरा पार उतरला होता. तो म्हणाला की एकच टाकी असेल तर असू दे, एका टाकीचं पाणी बदलायला मी कुणीतरी लावून देतो.

बुडबुडे घाईघाईने म्हणाला, "साहेब, नुसते नर घेऊन मी काय करू? माद्या तर पाहिजेतच."

"अहो, एवढे रंगीत मासे मिळाले तुम्हाला. ते राखाडी कशाला हवेत?"

बुडबुडेने वन्संकडे पाहिलं. वन्संनी बुडबुडेकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं होतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. काय समजलं होतं हे मात्र मला तेव्हा कळलं नाही. मग त्याने हातातली जाळी बादलीत टाकली.

"राहू देत," तो म्हणाला. "आजींना सोबत होईल."

मुलाने मांडणीचे नटबोल्ट सोडवले, सांगाडा गच्चीवर नेऊन ठेवला, खोली पुसून कोरडी केली आणि संध्याकाळच्या गाडीने निश्चिंत मनाने गेला. दार लागताच वन्संचा आवाज जागेवर आला.

"वहिनी, बसा इथे. हे बघा, हिच्या पोटामागचा काळा डाग. पोटुशी आहे ही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गप्पीची मादी नराजवळ एकदा राहिली की पुरतं. त्यानंतर नर दिसला नाही तरी ती महिनोन्‌महिने खेपेमागून खेप पिल्लं देत राहते. सगळं पोटात साठवून ठेवते. त्या टाकीतल्या प्रत्येक मादीची जोडी त्यांनी पडायच्या आधीच चांगल्यातला चांगला गोट बघून लावली होती आणि नर बाजूला काढला होता. बुडबुडेला हे ठाऊक होतं. माझ्या शिकल्यासवरल्या मुलाला नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं.

"त्याने नवरे नेले," वन्सं म्हणाल्या. "लेकरं इथेच आहेत. आणि नवरे गेल्यावर घर चालतं की नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

मी इतकी हसले की मला पाणी प्यावं लागलं.

पहिली पिल्लं झाली ती भर दुपारी. पापणीच्या केसाएवढी, दोन डोळे आणि मागे एक रेघ. आईच त्यांना खाते म्हणून लगेच वेगळी काढायची होती. वन्संनी डाव्या हाताने चहाची गाळणी धरली, मी काचेची बरणी धरली. त्या आठवड्यापासून आमच्या घरातल्या बरण्यांनी नोकऱ्या बदलल्या. साखर डब्यात गेली, कॉफी कागदाच्या पुडीत राहिली. पिल्लं फ्रिजवर, खिडकीत, माझ्या लिहिण्याच्या टेबलावर. बादली उचलायची नव्हती, म्हणून मी तांब्या-तांब्याने पाणी बदलत होते आणि गुडघ्यांनी तक्रार केली नाही. मुलाने लावून दिलेली बाई एका टाकीचं पाणी बदलून जायची. बरण्यांकडे बघून तिने एकदा भुवया उंचावल्या. वन्सं तिला म्हणाल्या की हे आमचं लोणचं आहे. ती हुशार निघाली. पुन्हा विचारलं नाही.

पण सगळं सुरळीत झालं असं नाही. पिल्लं महिन्याची झाली की नर आणि माद्या वेगळ्या करायच्या असतात. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा निमुळता होतो, त्यावरून ओळखायचं. वन्सं एरवी यात कधी चुकत नाहीत. पण प्लास्टरच्या हाताने त्यांना चष्मा नीट पुसता येत नव्हता आणि मी पुसून देते म्हटलं की त्यांना राग यायचा. माझे डोळे मला पुरेत, म्हणायच्या. त्यांनी बहिणींच्या बरणीत एक भाऊ ठेवला. आठ-दहा दिवसांनी त्याची शेपटी पिवळी होऊ लागली तेव्हा कळलं, आणि कळलं ते असं की त्याच्या शेपटीला गोटाचा मागमूस नव्हता. म्हणजे त्या बरणीतल्या सगळ्या मुली आता त्याचंच बीज पोटात साठवून बसलेल्या. गोटाच्या कामाच्या त्या उरल्या नाहीत.

वन्संनी चष्मा काढून माझ्यापुढे धरला. मी पुसून दिला. त्या मुली इमारतीच्या बागेतल्या हौदात गेल्या, डास खायला. थोरल्या माद्या आता थकत चालल्या होत्या, खेपेला पिल्लं कमी होत होती. गोट पुढे जायचा तर खिडकीतल्या एका बरणीतून, आणि ती बरणी गेली की संपलं. वन्सं दिवसातून कितीदा तिच्याकडे जाऊन यायच्या ते मी मोजलं नाही.

आणि रविवारी मुलगा न कळवता आला. आमची गंमत करायची होती त्याला. त्याने बॅग ठेवली, पंख्याखाली बसला, आणि त्याची नजर फ्रिजवर गेली. मग खिडकीत. मग माझ्या टेबलावर.

"आई, हे काय आहे?"

"पाणी," मी म्हणाले.

"पाण्यात काय आहे?"

मी स्वयंपाकघरात गेले. मिशनच्या शाळेत सिस्टरनी खोटं बोलू नये असं शिकवलं होतं, आणि पाणी हे खोटं नव्हतं.

तो आत्यासमोर जाऊन उभा राहिला. वन्संचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. त्या रबरी चेंडू दाबत बसल्या होत्या. त्या दाबतच राहिल्या.

"तू मला फसवलंस," तो म्हणाला.

"हो."

त्याला बहुतेक दुसरं काहीतरी उत्तर हवं होतं. तो म्हणाला की मी तुझ्या भल्यासाठी केलं, दोन दिवसांची रजा टाकून, धावत येऊन केलं, आणि तू माझ्यासमोर रडल्याचं नाटक केलंस, मला वाईट वाटावं म्हणून. वन्सं म्हणाल्या, नाटक केलं हे खरं, आणि तुला वाईट वाटलं याचं मला बरं वाटलं. पण मी याच खुर्चीत बसलेली असताना तू माझ्या टाक्यांचं आईशी बोललास, डॉक्टरांशी बोललास, दुकानदाराला फोन केलास. माझं मनगट मोडलं होतं, कान शाबूत होते. मला विचारायची गरज तुला वाटली नाही, मग तुला सांगायची गरज मला वाटली नाही.

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडेन."

"आत्या!"

"पडेन म्हणते ना. सत्तरी उलटली माझी, कशावरून तरी पडणारच. हात मोडू नये म्हणून खुर्चीत बसून राहायचं, तर मग त्या धडधाकट हाताचं करायचं काय? आरतीसारखा ओवाळू का?"

तो म्हणाला की या वेळी मी उचलायला येणार नाही. आवाज चढला होता.

"नको येऊस उचलायला," वन्सं म्हणाल्या. "जेवायला येत जा."

मग त्या उठल्या आणि खिडकीतली ती बरणी डाव्या हाताने उचलून त्याच्या नाकासमोर धरली. उजवा हात त्यांनी खालून टेकवला. आत नुकता रंग येऊ लागलेला एक नर होता. शेपटी अजून आखूड, पिवळा रंग कच्चा, आणि कडेला पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ, मधे कुठेही न तुटलेली. मुलगा बघत राहिला. बरणी सांडेल म्हणून की काय, त्याने तिला खालून हात लावला.

वन्सं त्याला म्हणाल्या, गच्चीवरची मांडणी उद्या खाली येणार आहे, वॉचमनला सांगून झालंय. टाक्याही परत लागणार आहेत. बादल्या उचलायच्या नाहीत हे डॉक्टरांचं मला मान्य आहे, म्हणून बाथरूमच्या नळापासून मागच्या खोलीपर्यंत पाइप हवा.

"मी परवानगी मागत नाहीये," त्या म्हणाल्या. "पाइप मागतेय."

बरणी जागेवर ठेवून तो बाथरूममध्ये गेला. नळ उघडल्या-मिटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मला वाटलं तोंड धुतोय. बऱ्याच वेळाने तो दारात आला, शर्टाच्या बाह्या भिजलेल्या, कपाळाला आठी तशीच.

"हा नळ जुना आहे," तो म्हणाला. "पाइप बसणार नाही यावर. नळच बदलावा लागेल."

"मग बदल," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा चेंडू दाबू लागल्या.

त्या संध्याकाळच्या पानावर मी लिहिलं आहे: रविवार, १८ जून. मुलगा जेवायला थांबला. भात दुसऱ्यांदा लावावा लागला.